कंदाचं डोकं

ये गं, अशी जवळ बस. चार महिने आत्याकडे फिरकली नाहीस, फोनवर नुसतं हं हं करतेस. आता मी सांगते ते तरी नीट ऐक.

दहिवलीच्या बाजारात डोंगरावरच्या वाडीतली एक बाई रानातले कंद घेऊन बसायची. नाव मी कधी विचारलंच नाही. बोलताना काडीने नखातली माती काढत राहायची. कुणीतरी फार्महाऊससाठी त्यांचा डोंगर घेतला, वाटेवर तारेचं कुंपण घातलं, तेव्हा वाडीतल्या बायांचा मोर्चा हिनेच तहसीलवर नेला. दुसऱ्या दिवशी बसलेल्या आवाजाने पुन्हा गिऱ्हाइकांना हाका मारत होती.

मी शहाणपणा केला. म्हटलं, "अगं, त्यांनी रीतसर विकत घेतलाय ना?"

ती हसली. "मावशे, आमी कंद खनला का येलाकडचं डोकं परत मातीत पुरतो. फुडल्या वर्साला कुनालातरी गावंल म्हनून. त्यांनी अख्खा डोंगर जेसीबीनं खरवडला, कायबी पुरलं नाय. तरी मालक ते, आन चोर आमी?"

मी नुसती पिशवी पुढे धरली.

आता तिची जागा रिकामीच असते. शेजारची भाजीवाली सांगते, कुंपण तसंच आहे, ती खोपोलीला कुठल्याशा कारखान्यात झाडू मारते. बाजारात गेले की मन तिलाच शोधतं गं. त्या दिवशी मी चुकीच्या बाजूने बोलले, एवढंच तिला सांगायचंय. खोपोलीपर्यंत एकटीने जायला गुडघे ऐकत नाहीत. पुढच्या रविवारीच ये, बाई. दोघी जाऊ.