टाकीच्या दारात

वायनरीच्या स्वयंपाकघराला एक खिडकी होती. ती बाहेर अंगणात उघडत नव्हती, आत टाक्यांच्या शेडमध्ये उघडायची. मुळात तिथे नुसती भिंत होती. ताईने मालकाच्या मागे लागून ती फोडून घेतली. धूर कोंडतो, असं कारण तिने सांगितलं आणि मालकानेही ते पटल्याचं दाखवलं. खरं कारण काय ते दोघांनाही ठाऊक होतं.

ताई तिथली स्वयंपाकीण. चारी बाजूंना उतारावर द्राक्षमळे, मधोमध दगडी वायनरी. सुगीच्या दिवसांत लांबलांबून माणसं वाइन चाखायला यायची आणि लांबलचक टेबलावर ताईच्या हातचं जेवून जायची. खरं तर निम्मे लोक जेवायलाच यायचे, वाइनचं आपलं निमित्त. लाल वाइनमध्ये मंद आचेवर शिजवलेलं मटण, भट्टीतला जाड कवचाचा पाव, निखाऱ्यांत भाजलेले कांदे. वाटीच्या तळाशी उरलेला रस्सा पावाने पुसून खाताना भल्याभल्यांना रीतभात आठवत नसे.

तिचा नवरा याच शेडमध्ये कामाला होता. वाइन काढून घेतली की टाकीच्या तळाशी सालं आणि बिया उरतात. तो चोथा टाकीच्या खालच्या दारातून ओढून काढावा लागतो. द्राक्षं आंबताना निघालेला वायू हवेपेक्षा जड असतो, तो पाण्यासारखा तळाशी साचून राहतो. डोळ्यांना काही दिसत नाही. नाकाला जरासं झोंबतं, पण झोंबलं हे कळेपर्यंत पाय गेलेले असतात. एका सुगीत नवऱ्याचा जोडीदार असाच आत कोसळला. नवरा मागचापुढचा विचार न करता आत घुसला. त्याने जोडीदाराला उचलून दाराबाहेर ढकललं, आणि तेवढ्यात त्याचा स्वतःचा श्वास संपला. जोडीदार वाचला, तो गेला.

त्या जोडीदाराला सगळे भोपू म्हणत. आवाजच तसा होता. तो कानात काही सांगायला लागला की पलीकडच्या मळ्यातली माणसं ‘काय म्हणालास?’ म्हणून विचारत. त्या घटनेनंतरही तो तिथेच कामाला राहिला. रोज दुपारी ताईच्या पंगतीला बसायचा, ताई त्याला वाढायची. इतरांपेक्षा कमी नाही, जास्तही नाही. पण त्याच्याशी ती बोलायची नाही. पूर्वी भाऊजी, भाऊजी करायची, आता त्याच्या ताटापाशी आली की तोंडाला कुलूप. त्याने दोनचारदा माफी मागून पाहिली. तिने पातेलं उचललं आणि पुढच्या ताटाकडे गेली.

नवऱ्याच्या जागी मालकाने तिच्या धाकट्या भावाला घेतलं. ताईने भावाशी आकांडतांडव केलं, पण तो ऐकेना. वाइनचा त्याला नादच होता. नुसत्या वासावरून कुठल्या उतारावरची द्राक्षं ते सांगायचा. शेवटी ताईने भिंत फोडून ती खिडकी करून घेतली. मालकानेही वरून हवा भरायचा ब्लोअर आणला, कमरेचा पट्टा नि दोर आणला आणि नियम घातला: आधी हवा, मग पट्टा, आणि बाहेर एक माणूस उभा असल्याशिवाय आत कुणी जायचं नाही. नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. ताईचा मात्र नियमावर भरवसा नव्हता. कांदा चिरता चिरता ती खिडकीतून हाक मारायची, “आहात ना रे?” आणि शेडमधून एकेकाने ओ द्यायची. गडी चेष्टा करायचे, शाळेतली हजेरीसुद्धा एवढी कडक नव्हती म्हणायचे. पण ओ द्यायचे.

त्या दिवशी पाहुणे यायचे होते. मटण चुलीवर होतं. बाहेर द्राक्षांच्या क्रेटांनी भरलेला ट्रक उन्हात तापत उभा होता आणि टाकी रिकामी झाल्याशिवाय द्राक्षं उतरवायची कुठे, म्हणून सगळ्यांचीच घाई चालली होती. मालक ब्लोअर घेऊन मागच्या शेडमध्ये गेला होता. भोपू ट्रकवाल्याची समजूत काढायला बाहेर. शेडमध्ये धाकटा एकटा, लांब दांड्याच्या दंताळ्याने बाहेरूनच चोथा ओढत होता.

ताईने हाक मारली, “आहेस ना रे?”

पंप चालू होता. त्याच्या घरघरीत ऐकू गेलं नसेल म्हणून तिने पळी खाली ठेवली आणि पुन्हा, छातीतून, हाक मारली. उत्तर नाही. दंताळं टाकीच्या दाराला टेकवून ठेवलेलं दिसत होतं. ते धरणारा दिसत नव्हता.

ताई दाराने गेलीच नाही. खिडकीतूनच उतरली. गुडघा सोलवटला, ते तिला संध्याकाळी कळलं.

टाकीचं खालचं दार गुडघ्याच्या उंचीवर होतं, माणूस वाकून जेमतेम शिरेल एवढं. श्वास रोखून तिने आत डोकावलं. पलीकडच्या कडेला चोथ्याचा ढीग चिकटून राहिला होता. तो खरवडायला आत गेलेला धाकटा त्या ढिगावर पालथा पडला होता. हात पसरलेले, तोंड सालांत.

ती मागे सरकली, मान वर करून श्वास घेतला आणि किंचाळली. ते ऐकून भोपू धावत आला. त्याने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. विचारायचं काही उरलंच नव्हतं. त्याने टोपी फेकली आणि थेट दाराकडे झेपावला.

ताई आडवी आली.

“वहिनी, बाजूला व्हा!”

“नाही.”

“अहो, आत कोण आहे कळतंय का तुम्हाला?”

“माझा भाऊ आहे. आत जायचं नाही. मालकाला हाक मारा. ब्लोअर घेऊन या म्हणावं.”

भोपूने वळून अशी हाक मारली की पत्रे थरथरले. मागच्या शेडमधून मालकाचा आवाज आला. पण ब्लोअर सोडवायचा, त्याचा लांब पाइप गुंडाळायचा, ढकलत आणायचा, याला वेळ लागणार होता. तो वेळ धाकट्याकडे नव्हता. हे ताईला कळत होतं, भोपूलाही कळत होतं.

“श्वास रोखून जातो,” तो म्हणाला. “एका दमात ओढून आणतो त्याला.”

“तेही असंच म्हणाले असतील.”

ते ऐकून भोपूच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पण थांबण्याऐवजी तो आणखी पेटला. “म्हणूनच जातोय! माझं एवढं देणं तरी फेडू द्या!” असं म्हणत त्याने तिचा खांदा धरला आणि तिला बाजूला सारलं. भोपू अंगापिंडाने दांडगा, ताई त्याच्या छातीएवढी. तिचे पाय चोथ्याच्या चिकट रसावरून घसरले. तो वाकला, त्याचा एक हात दाराच्या काठावर पडला, आणि ताईने तो हात दोन्ही हातांनी धरून कडकडून चावा घेतला. नुसता दात लावला नाही, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडला नाही.

भोपू ओरडून मागे कोलमडला. “वेड लागलंय का तुम्हाला?”

“तुम्ही आत गेलात तर मला दोघांना ओढावं लागेल,” ती म्हणाली. तिला धाप लागली होती. “दोघं नाही ओढवणार मला. ते दंताळं घ्या. लांब आहे, पोचेल. भाऊजी, घ्या म्हणते ना!”

कितीतरी वर्षांनी तो शब्द तिच्या तोंडून निघाला होता. दोघांपैकी कुणाचंही त्या वेळी तिकडे लक्ष नव्हतं.

भोपूने दंताळं उचललं. उघड्या दारातून तो वायू बाहेरही पसरत होता, म्हणून तो दाराच्या बगलेला, मान जमेल तेवढी उंच आणि वळवून उभा राहिला आणि दांडा आंधळ्यासारखा आत सारू लागला. आत बघायचं काम ताईचं. ती मागे जाऊन श्वास भरायची, दाराशी वाकायची, बघायची, मागे यायची आणि मगच बोलायची.

“डावीकडे. अजून.”

पुन्हा श्वास, पुन्हा वाकणं.

“पाठीवर आहे आता. खाली घ्या. पट्ट्यात अडकवा.”

धाकट्याच्या अंगावर कामाचा रबरी ॲप्रन होता, पाठीवर पट्ट्यांची फुली. दंताळ्याचा दात पट्ट्यावरून सटकला. पुन्हा टेकवला, पुन्हा सटकला. भोपू पुटपुटत होता, शिव्या होत्या की प्रार्थना ते त्यालाच ठाऊक. त्याच्या हातातलं रक्त दांड्यावरून ओघळत होतं आणि पकड निसटत होती. ताईचं डोकं गरगरायला लागलं. एकदा वाकल्यावर तिला वाटलं, धाकटा लहानपणी झोपायचा तस्साच झोपलाय, उगाच कशाला उठवायचं. त्या विचारानेच ती दचकली आणि मागे झाली. श्वास घेतला. स्वतःच्याच गालावर चापट मारली.

“अडकला! ओढा!”

भोपूने ओढलं. ढिगावरून धाकटा घसरत, ओल्या पोत्यासारखा, दाराशी आला. डोकं बाहेर आलं, खांदे अडकले. ताईने त्याच्या काखेत हात घातला, भोपूने दुसऱ्या बाजूने धरलं, आणि तेवढ्यात मालक ब्लोअर ढकलत पोचला. त्याने एक शब्दही न विचारता पाइपचं तोंड दारातल्या फटीत सारलं आणि बटण दाबलं. चोथ्याचा आंबट भपकारा सगळ्यांच्या तोंडावर आला. तिघांनी मिळून धाकट्याला फिरवून, तिरका करून बाहेर काढलं, उचलून थेट अंगणात उन्हात आडवं केलं.

ओठ निळे पडले होते. छाती हलत नव्हती. मालक गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळवे छातीवर ठेवून दाबायला लागला. मध्येच थांबून तोंडाने हवा भरायचा, पुन्हा दाबायचा. ट्रकवाल्याने ॲम्ब्युलन्सला फोन लावला होता आणि पत्ता सांगता सांगता तो रडत होता. पाहुण्यांची गाडी नेमकी तेव्हाच आली. नटूनथटून उतरलेली माणसं जिथल्या तिथे खिळून उभी राहिली.

ताई धाकट्याच्या डोक्याशी बसली होती. त्याच्या नाकातली, तोंडातली सालं बोटाने काढत होती. काढून झाली तरी बोटं थांबत नव्हती.

मग धाकट्याच्या घशातून एक घाणेरडा, सुंदर आवाज आला. तो खोकला, ओकला, आणि पुन्हा खोकला.

दवाखान्यात त्याला आत नेलं. बाहेर बाकावर ताई आणि भोपू. नर्सने भोपूचा हात धुतला, दातांचे व्रण पाहिले आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, “कुत्रं चावलं का? पाळीव की भटकं?”

“वहिनी चावल्या,” भोपू म्हणाला. हळूच म्हणाला, पण हळू म्हणजे त्याचं हळू. अख्खा वऱ्हांडा वळून बघायला लागला. ताईला हसू फुटलं. हसता हसता तिचा बांध फुटला, आणि नर्सला कळेना, पट्टी कुणाला बांधायची.

सगळं शांत झाल्यावर भोपू म्हणाला, “त्या दिवशी तुम्ही तिथे असता, तर त्यालाही असंच धरून ठेवलं असतंत.”

ताईने पदराने तोंड पुसलं.

“धरलं असतं. हात तोडला असता, पण जाऊ दिलं नसतं.” मग ती त्याच्याकडे वळली. “आणि भाऊजी, तुम्ही मेला असता. ते जगले असते आणि तुम्ही मेला असता. आज टाकीपुढे उभी होते तेव्हा हे मला पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी नुसती अर्धीच गोष्ट धरून बसले होते.”

भोपूने मान हलवली. दोघं तसेच बसून राहिले.

धाकटा वाचला, पण होता तसा परत आला नाही. बोलताना शब्द त्याच्या जिभेवर येऊन अडायचे, विळ्याला तो ‘ते वाकडं’ म्हणायचा आणि स्वतःवरच चिडायचा. वास तर कायमचा गेला. मालक कितीतरी ग्लास त्याच्यापुढे धरून बघायचा. तो नाक घालायचा आणि डोळे भरून यायचे. ताईच्या मटणातही त्याला फक्त तिखट नि मऊपणा कळायचा. एकदा त्याने ताट भिरकावलं. ताईने मुकाट्याने लादी पुसली आणि दुसरं वाढलं. आता तो मळ्यात असतो. भोपू वेलींची छाटणी करतो, धाकटा काड्या गोळा करतो, आणि भोपूच्या आवाजावरून दोघं कुठल्या ओळीत आहेत ते ताईला घरबसल्या कळतं.

थंडीत मालकाने जुन्या टाक्या काढून नव्या बसवल्या. यांचा तळ उतरता होता. दार उघडलं की चोथा आपोआप घसरून खाली पडायचा, आत कुणी जायची गरज नाही. मालक मोठ्या कौतुकाने ताईला दाखवायला घेऊन गेला. ताईने टाकीभोवती एक फेरी मारली.

“आणि शेवटी कोपऱ्यात चिकटून राहतं ते?”

“राहत नाही. पाण्याचा फवारा मारला की निघतं.”

“मारून दाखवा.”

“ताई, टाकी रिकामी आहे. आत काहीच नाही.”

“मग चोथा आणून टाका,” ती म्हणाली, आणि बादली उलटी घालून तिच्यावर बसली. मालकाने एकदा तिच्याकडे पाहिलं, उसासा टाकला आणि चोथा नि पाण्याचा पाइप आणायला गेला.