कांबळेंचा अर्ज आणि बल्गेरियाचा दाखला

विषय : कनिष्ठ लिपिक श्री. कांबळे यांना फुटबॉल प्रशिक्षक नेमण्याबाबत.
संदर्भ : बल्गेरियातील एक फुटबॉलपटू.

उपरोक्त विषयी निवेदन असे की, कचेरीत धुळीपेक्षा जास्त साचतात ते किस्से. धूळ निदान मोठे साहेब येणार म्हटलं की झटकली जाते! रिटायर होताना मी फायलींचा चार्ज दिला. किस्से कुणी ताब्यात घेतले नाहीत. त्यातले कांबळेंचे तेवढे सांगतो.

सत्तरच्या दशकात आमच्या तालुक्याच्या कचेरीची फुटबॉल टीम होती. कोण कुठं खेळणार, हे सीनियॉरिटीवर ठरे. साहेब सर्वांत पुढे, मग हेडक्लार्क, आणि गोलमध्ये शिपाई मौलाचाचा. चेंडूला खरोखर ओळखणारे एकटे कांबळे. पण लिपिकांत सगळ्यांत ज्युनियर, म्हणून बॅकला.

*

आखाडा बाळापूरच्या मॅचमध्ये कांबळेंनी मागून एकट्यानं चेंडू नेला आणि गोल केला. बाजाराला आलेली माणसं पिशव्या टाकून नाचली.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा मेमो : "मला वगळून चेंडू परस्पर पुढे का पाठवला, खुलासा करावा."

कांबळेंनी खुलासा दिला : "बाब तातडीची होती."

*

वारंगा फाट्याच्या ट्रक ड्रायव्हरांशी खेळताना कांबळेंचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, पळणं बंद. तरी हा माणूस रोज सरावाला काठी टेकत मैदानाच्या कडेला हजर!

"भाऊसाब, घर जाव ना," मौलाचाचा म्हणाले. "काहून तकलीफ घेऊन राहिले?"

"घरी जीव लागत न्हाई, चाचा. पण एक सांगा, मघाशी साहेबांचा चेंडू काहून सोडला?"

"साब का था ना! मेरी रजा की अर्जी उनके टेबल पे है!"

कांबळे लंगडत साहेबांकडे गेले आणि चाचांची रजा तिथंच मंजूर करून आणली. त्यानंतर सरावात चाचांनी साहेबांना महिनाभर एकही गोल करू दिला नाही. कांबळे कोच झाले ते त्या दिवशी.

*

पण कागदावर नव्हते. चार वाजता सुटायची सवलत खेळाडूंना होती, आणि कांबळे आता खेळाडू नव्हते! हेडक्लार्कनं त्यांना टेबलाशी बसवलं. मैदानावरचा आरडाओरडा खिडकीतून ऐकत ते टपालावर शिक्के मारत. शेवटी त्यांनी प्रशिक्षकपदासाठी जिल्ह्याला अर्ज केला.

उत्तर आलं : "खेळाडूचा प्रशिक्षक झाल्याचे पूर्वोदाहरण जोडावे."

कांबळेंनी वाचनालयातलं एक जुनं मासिक शोधून काढलं. त्यात बल्गेरियाच्या एका खेळाडूची हकिगत होती. त्याचाही गुडघा गेला होता, आणि पुढे तो त्याच क्लबचा कोच झाला होता. मी तिचं मराठी करून, टाइप करून जोडलं.

उत्तर आलं : "सदर इसमाच्या सेवेचा मूळ दाखला सादर करावा."

*

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. कांबळेंनी त्या क्लबला इंग्रजीत पत्र धाडलं. चार महिन्यांनी सोफियाहून पाकीट आलं! आवक रजिस्टरात 'कोणाकडून' या रकान्यात मी आयुष्यात एकदाच 'बल्गेरिया' लिहिलं.

आत इंग्रजीत एक पान : इतकी वर्षं खेळाडू, इतकी वर्षं कोच. खाली सही, गोल शिक्का. कांबळेंनी शिक्क्यावरून बोट फिरवलं. "बराबर हाय," म्हणाले. "आता न्हाई म्हनायला जागाच न्हाई."

दाखला जिल्ह्याला गेला. दोन महिन्यांनी उत्तर आलं. कांबळेंनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं.

"सदर पदासाठी आता दोन अर्ज प्राप्त झाले आहेत. पैकी बल्गेरियाच्या उमेदवाराचा अनुभव अधिक दिसतो. त्यांना मुलाखतीस बोलावण्यात आले आहे. ते हजर होईपर्यंत श्री. कांबळे यांचा अर्ज प्रलंबित ठेवण्यात येत आहे."

अर्ज प्रलंबित आहे.