पिवळ्या पोटाचं पाखरू

खुंटीवरची गोफण झटकली की तिच्या दोरीला अजून हिरव्या ज्वारीचा वास येतो. लग्नानंतरचा पहिला हिवाळा होता तो. मी पाथर्डीकडची, कर्जतला दिलेली. ज्वारी हुरड्यात आली म्हणून सासूबाई मला राखणीला घेऊन शेतातल्या माळ्यावर चढल्या होत्या. चिमणीएवढ्या, पिवळ्या पोटाच्या पाखरांचा थवा कणसांवर उतरला. माझा नेम माहेरी नावाजलेला. सासूबाईंनाही दिसू दे म्हणून मी दगड भिरकावला आणि एक पाखरू टपकन पडलं. त्या खाली उतरल्या आणि त्याला ओंजळीत घेऊन आल्या. चोचीत दुधाळ दाणा तसाच होता. "ही पाखरं हितली न्हाईत," त्या म्हणाल्या. "लई लांबून येत्यात पोटासाठी. सुगी झाली की जात्यात माघारी." मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "तुजी आई कुटं हाय गं आता?" आई श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला गेली होती. मी हातातली गोफण खाली ठेवली. आता सासूबाई नाहीत. राखणीला मीच चढते, गोफण गरागरा फिरवून नुसता आवाज काढते, दगड घालत नाही. पाखरं उठतात, थोडी पलीकडं जाऊन पुन्हा उतरतात. मी उतरू देते.