उजव्या हाताचा शेजार

मी शिकायला परदेशात गेले आणि तिथून मला अभ्यासासाठी पाठवलं ते थेट बोरिवलीच्या बाजारात. हे सांगितलं की लोक हसतात. आईला मात्र हसूही आलं नव्हतं. "एवढं कुडकुडायला तिकडे गेलीस, आणि शिकायचं काय, तर आपला भाजीबाजार? तो मी तुला फुकट दाखवला असता," ती म्हणाली. "कितीदा म्हटलं, चल पिशवी धरायला. तेव्हा ढिम्म हलली नाहीस."

नेदरलँड्समध्ये मी शहररचना शिकत होते. तिथे आठवड्यातून एकदा चौकात बाजार भरायचा. जमिनीवर पांढरे पट्टे आखलेले, प्रत्येक दुकानाला नंबर. पाऊस तिथेही पडायचा, पण तो बाजारात कुणाला एक इंचही हलवू शकायचा नाही. आमच्या गाइडबाईंना माझ्याकडून नेमकं उलटं हवं होतं: ज्या बाजाराला पट्टे नाहीत, तो कशावर चालतो? कोण कुठे बसतं, कधी सरकतं, का सरकतं, याचे हाताने काढलेले नकाशे घेऊन ये, म्हणाल्या. मी म्हटलं, हात्तिच्या! मी तिथलीच आहे.

सहा आठवडे मी मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली असे रस्त्यावरचे बाजार पालथे घातले. सगळे नकाशे एका जाड वहीत, पेन्सिलीने. मोबाइल बाहेर काढला की लगेच कुणीतरी विचारायचं, "मॅडम, कुठल्या खात्याकडून?" आणि समोरची दोन माणसं पाठ फिरवून बसायची. पेन्सिलीला मात्र कोणी घाबरत नसे. रोज घरी गेल्यावर पानांचे फोटो काढून ठेवायचे असं ठरवलं होतं. पहिले चार दिवस काढलेही. मी पहिल्यापासूनच आरंभशूर. त्यामुळे सहा आठवड्यांची कमाई त्या एका वहीत होती, आणि गुरुवारी माझं विमान होतं.

मी सांगतेय तो मंगळवार. सकाळपासून धो धो. मला भर पावसातला एक शेवटचा नकाशा हवा होता, म्हणून छत्री, सॅक आणि दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली वही घेऊन आधी अंधेरीला गेले.

अंधेरीच्या त्या गल्लीत एरवी डोक्यावर आभाळ असतं. त्या दिवशी निळं, पिवळं, काळं असं एकच लांबलचक ताडपत्रीचं छत होतं. नीट पाहिलं तर ते चाळीसेक वेगवेगळ्या माणसांचे चाळीस तुकडे होते, आणि एकालाही स्वतःचा खांब नव्हता. याचा दोर त्याच्या दोराला, त्याचा खिडकीच्या गजाला, तो पुन्हा पलीकडच्या गुलमोहराला. एक गाठ सुटली असती तर अख्खी गल्ली भिजली असती. मधे कुठे पाण्याचा फुगा धरला की खालचा माणूस बांबू वर करायचा आणि ओरडायचा, "पाणी!" त्याबरोबर दोन्हीकडची माणसं मान वर न करता अर्धं पाऊल मागे सरायची, आणि बादलीभर पाणी नेमकं त्या मोकळ्या फटीत पडायचं. घासाघीस चालूच. मला हे कळेपर्यंत मी दोनदा न्हाले. तिसऱ्यांदा मीही न बघता मागे सरले, आणि स्वतःवर इतकी खूश झाले की काही विचारू नका.

त्याच खुशीत दुपारी बोरिवलीला पोहोचले.

तिथली माझी जागा ठरलेली होती. रस्त्याकडे तोंड करून, भिंतीला पाठ लावून सगळी रांगेत बसत. माझ्या डाव्या हाताला लिंबं-मिरच्या विकणारी ताई, जालन्याकडची, पन्नाशीच्या आतली, जिभेला हाड नसलेली. उजव्या हाताला सुकी मासळी विकणारी मावशी. ती रोज मनोरीहून तरीने खाडी ओलांडून यायची. पावसाळ्यात ताजी मासळी कमी, तेव्हा हेच तिचे कमाईचे दिवस. दोन पाट्या भरून सुकट, बोंबील, सोडे, आणि वर प्लॅस्टिक. "वैशाखात वाळूवर एकेक बोंबील उलटा केलाय मी," ती मला एकदा म्हणाली होती, "एकाला ओल लागली का सगळी पाटी गेली." मावशीच्या पलीकडे रेनकोट-छत्र्या विकणारा एक गप्प माणूस. त्या दोघींनी पहिल्याच आठवड्यात जरा जरा सरकून मला मधे स्टूलपुरती जागा करून दिली होती. मला वाटलं होतं, केवढा हा चांगुलपणा. तेवढंच वाटलं होतं.

साडेचारच्या सुमाराला पाऊस जरा थांबला. मी वही ताईच्या लिंबांच्या फळीवर ठेवली आणि चहाचा ग्लास हातात घेतला. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याने शिट्टी मारली. एकच, लांब.

गाडी! अतिक्रमण हटवणाऱ्यांची गाडी. माझ्या सहा आठवड्यांत ती इथे दोनदा आली होती, आणि दोन्ही दिवस मी नेमकी दुसऱ्या बाजारात होते.

पुढे जे झालं ते मी आजही कुणाला सांगताना उभी राहून सांगते. कुणीही ओरडलं नाही. दीडशे माणसं एकदम उठली आणि अख्खा बाजार जमिनीत मुरल्यासारखा नाहीसा झाला. चादरीची चार टोकं एकत्र आली की त्या चादरीचं गाठोडं व्हायचं, आणि गाठोडं उचललं जायचं तोवर पुढचं तयार. डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या पेशंटांनी पाय वर घेतले आणि बाकाखाली वांग्याच्या पाट्या सरकल्या. पेपर वाचत बसलेल्या रिक्षावाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही, मागची सीट पेरूंनी भरली. औषधाच्या दुकानाच्या काउंटरखाली गजरे गेले. झेरॉक्सवाल्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि त्या अर्ध्यातून कपड्यांचे ढीग आत घेतले. इमारतीचा वॉचमन खुर्चीवरून उठला, त्याच्या केबिनमध्ये काय काय गेलं ते मोजता येणार नाही. सहा आठवडे मी बाजाराचे नकाशे काढत होते आणि बाजाराखाली दुसराच एक नकाशा होता, तो मला एकदाही दिसला नव्हता. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. एखाद्या देवळात उभं राहिल्यावर होतं तसं काहीतरी आत झालं, आणि मी देवळात फारशी जाणारी नव्हे.

शिट्टी ऐकताच मी काय केलं? चहाचा ग्लास टाकला, सॅक पाठीला लावली आणि औषधाच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. तिथे उभं राहून हे सगळं पाहिलं. मग एकदम आठवलं, वही!

धावत परत आले. लिंबांची फळी नव्हती, ताई नव्हती, माझं स्टूलसुद्धा नव्हतं. फक्त मावशीच्या दोन पाट्या होत्या, जिथल्या तिथे. मी खाली वाकून गटाराच्या जाळीपर्यंत शोधत सुटले. गाडी येऊन थांबली, चार माणसं उतरली. त्यांचंही काम तेच, ती बिचारी सकाळपासून पावसात भिजतच हिंडत होती. दोघं पाट्यांपाशी आले. "मॅडम, तुमच्या का?" एकाने विचारलं. मी म्हटलं, "नाही." मी पाट्यांवरचं प्लॅस्टिक उचलून बघितलं, माझी वही आत नव्हती. मग मी बाजूला सरकले. त्यांना जागा करून दिली. मावशी कशी काय टाकून गेली, असं क्षणभर मनात आलं, आणि मी पुन्हा वही शोधायला लागले. पाट्या गाडीत चढल्या. गाडीला वर छप्पर नव्हतं, आणि पुन्हा बारीक भुरभुर सुरू झाली होती.

गाडी वळणाआड गेली आणि दहा मिनिटांत बाजार परत उगवला. बाकांखालून, केबिनमधून, रिक्षातून. प्रत्येक गाठोडं आपल्या माणसाकडे गेलं, कुठे शोधाशोध नाही, कुठे वाद नाही.

ताई झेरॉक्सच्या दुकानातून आली. एका हातात माझं स्टूल, दुसऱ्या हातात माझी वही. कोरडी ठणठणीत. "घे तुझं," ती म्हणाली.

मी तिला रस्त्यातच मिठी मारली. "अगं सोड, वेडी का काय!" ती हसत होती. मग माझ्या लक्षात आलं, लिंबं तिच्या हातात नव्हती.

"ताई, तुमचा माल?"

"तो काय, आणतेय ती मेथीवाली." मेथीवाली तिच्या डावीकडे बसायची.

"म्हणजे तुम्ही स्वतःचं सोडून माझं उचललंत?"

"सगळेच तसं करतात. गाडी आली का उजव्या हाताचं उचलायचं. आपलं उचलायला गेलं ना, का माणूस थांबतं. हे पण घेऊ, ते पण घेऊ. तेवढ्यात धरतात. दुसऱ्याचं असलं की हाताला लागेल ते घेऊन सुटतं."

मला काय वाटलं, ते आज सांगायची लाज वाटते, पण आनंद झाला. निव्वळ आनंद. माझ्या विद्यापीठाच्या अख्ख्या इमारतीत इतकं शहाणं वाक्य मी ऐकलं नव्हतं. पट्टे नाहीत, नंबर नाहीत, आणि एवढा मोठा बाजार एवढ्याशा गोष्टीवर उभा! मी तिथेच वही उघडली आणि रांग लिहायला घेतली. मेथीवाली उचलते ताईचं. ताई उचलते माझं. मी...

पेन्सिल थांबली.

त्याच वेळी मावशी दवाखान्यातून बाहेर आली. दोन्ही हातांत रेनकोटांचा ढीग, हनुवटीने दाबून धरलेला. तो तिने पलीकडच्या माणसापुढे ठेवला, छत्र्या मोजल्यासारख्या केल्या, आणि आपल्या जागेकडे वळली. तिथे जमिनीवर दोन कोरडे गोल होते. तेही आमच्या डोळ्यांदेखत भिजत होते.

ताईचा आवाज खाली आला. "एरवी मीच उचलते तिचं. आज मधे तू होतीस ना."

मी मावशीपुढे उभी राहिले. पाट्या गाडीत गेल्याचं सांगितलं; गाडीवाल्यांनी मला विचारलं होतं, आणि मी नाही म्हटलं होतं, हेही सांगितलं. वाक्य पुरं करताना रडायला लागले. भरपाईचं काहीतरी बोलायला गेले तर तिने हातानेच गप्प केलं. सोडवून आणता येतील का, असं ताईने विचारलं. "भिजलं गं ते," मावशी म्हणाली. एवढंच. मग ती खाली बसली, रिकाम्या जागेपुढे, रोज बसते तशी.

"मावशी, मला खरंच माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या वहीकडे.

"आमाला वाटलं तुला म्हाईत असेल," ती म्हणाली. "इतके दिवस सगळं लिहून घेतेस ना तू."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच नवल वाटत होतं.