आष्ट्याची गाडी

पुरात कृष्णेनं गावाला चारी बाजूंनी वेढलं, तेव्हा मी मावशीकडं अडकलो होतो. शाळेपासून देवळापर्यंतचा चढ तेवढा कोरडा उरला होता आणि त्यावर सगळं गाव म्हशींसकट दाटलं होतं.

सकाळी खाकी शर्टातल्या एका माणसानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पुरापलीकडच्या गावाची पाटी बांधली : ‘आष्टा’. एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर म्हणे. गाडी शाळेपासून सुटायची आणि देवळापाशी संपायची. ट्रॉलीला ना खिडकी ना सीट, तरी लोक जागा धरायला टॉवेल टाकायचे आणि त्यावरून भांडायचे.

“आत सरका, मधी लय जागा हाय!” तो शिट्टी फुंकून ओरडायचा.

दुपारी पाणी शाळेच्या पायरीला लागलं. त्याच आवाजात तो म्हणाला, “शाळेचा थांबा बंद. गाडी चावडीवरनं सुटंल.”

मला राहवलं नाही. “आवं, ही आष्ट्याला कवा जाणार?”

“जाणार न्हाई, ते समद्यांना म्हाईत हाय. पर गाडी धरायची म्हटलं, की मानसं पाण्याकडं बघत न्हाईत.”

संध्याकाळी जवानांची बोट आली. लोक कडेला थिजून उभे राहिले. पाय कुणी उचलेना. त्यानं ट्रॉलीची पाटी सोडली, बोटीच्या नाकाला बांधली आणि शिट्टी मारली.

बोटीत पहिला टॉवेल मावशीचा पडला. भोवती नजर पोचेल तिथवर पाणी होतं, आणि आम्ही सगळे आष्ट्यापर्यंत जागेवरून भांडत गेलो.