शेवटच्या कडव्यातले नाव

माझे मामा आबिड्समधल्या एका कचेरीत नोकरी करत आणि गाणी रचत. मराठवाड्यातून हैदराबादला आलेल्या आमच्या आजोळी सगळेच गाणारे-वाजवणारे. पण चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी नवी गाणी लिहीत ते एकटे मामाच. शेवटच्या कडव्यात कवीने आपले नाव गुंफावे, ही या गाण्यांची रीत. मामा मात्र तिथे गायनपार्टी उभी करणाऱ्या आजोबांचे नाव घालत. मामी चिडत, "एकदा तरी स्वतःचं नाव घाला की!" ते हसत, "नक्को गे, पार्टी बाबांची आहे."

यंदा मामांच्या पहिल्या स्मृतिदिनी जामबागेतल्या सभागृहात मामेभावाने त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे म्हटले. शेवटचे कडवे ऐकून निवेदक म्हणाले, "वा! ही दिवंगतांच्या वडिलांची झाली. आता खुद्द त्यांची एखादी रचना होऊ द्या."

सभेत बोलण्याची मला सवय नाही. तरी उठून म्हणालो, "हीसुद्धा मामांचीच."

"मग नाव त्यांच्या वडिलांचं कसं?"

मी सांगू लागलो, तोवर माईक पुढे गेला.

मामी मात्र जागेवरूनच मुलाला ओरडून म्हणाल्या, "परत म्हण रे, आणि या खेपेला तुझ्या बापाचं नाव घे!"

मामेभावाने प्रयत्न केला. आजोबांचे नाव आखूड, मामांचे लांबलचक. ते चालीत बसेना. ढोलकीवाला हसू लागला. पुन्हा म्हणताना सवयीने आजोबांचेच नाव तोंडी आले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. फक्त मामींनी आणि मी वाजवल्या नाहीत.