टाकीत यंदा कुणी मेलं नाही

आमचे दाजी म्हणजे पायाला भिंगरी. जेवायला बसले तरी घास हातात घेऊन उठणार. कधी खिडकी लावायला, कधी टाकीतला पंप का कुरकुरतोय ते बघायला. जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या, त्यामुळे कुठं जरा खुट्ट झालं की माणूस कान टवकारतो. ताई म्हणायची, "ह्यांचं बूड जागेवर टेकलेलं दाखवा, मी देवळात उदबत्त्यांचा भारा लावते."

नाव मोक कीन-शिंग. राहणार शाम शुई पो या गजबजलेल्या वस्तीत, जुन्या इमारतीत अगदी वर. घर एवढंसं की मी जेवायला गेले की एका स्टुलाला दाराबाहेर जावं लागतं. आणि त्या घरात भिंतभर काचेची टाकी! ताईनं शिवणयंत्र देऊन टाकलं तेव्हा कुठं ती मावली. निवृत्त झाल्यावर दाजींनी सगळी तळमळ त्या पाण्यात ओतली.

मासे पाळणारे आमच्याकडे घरोघरी आहेत. दाजींची खुमखुमी मात्र वेगळी. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशांना एका पाण्यात नांदवायचं. लाल पोपट मासे भांडकुदळ, एंजल नखरेल, आणि तळाशी ते पट्टेवाले लोच, त्यांचा तर नुसता धुडगूस. नवा मासा आणला की दाजी आधी त्याची पिशवी पाण्यावर तरंगत ठेवायचे, दिवा बंद करायचे आणि टाकीतले सगळे दगड उचलून नव्यानं मांडायचे. "जुन्यांना स्वतःचंच घर सापडलं नाही, की नव्याला छळायला सवड मिळत नाही," म्हणायचे.

मी म्हटलं, "दाजी, ताई लग्न होऊन आली तेव्हा तुमच्या आईनं जरा कपाटं हलवली असती तर फार बरं झालं असतं."

ताई इतकी हसली की कपातला चहा सांडला.

त्या टाकीत ताईची एक लाडकी होती. गुलाबी गुरामी, तळहाताएवढी, म्हातारी. तिचं नाव पो-पो, म्हणजे आजी. ताई पालकाचं उकडलेलं पान बोटात धरायची आणि पो-पो जाड ओठ पुढं काढून आधी पान संपवायची, मग ताईचं बोट लुचत बसायची. दाजींनी किती वेळा पान धरून बघितलं, पण त्यांच्या हाताला ती कधी आली नाही. "हिला माणसं कळतात," ताई म्हणायची, आणि दाजी तोंड वाकडं करून पंप बघायला जायचे.

टाकीतला मासा अचानक मेला तर त्या घरात कुणी हळहळत नसे. दाजींच्या आईनं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं: घरावर येणारा घाव मासा आपल्या अंगावर घेतो. दाजी एकदा लिफ्टच्या खड्ड्यात पडले आणि नुसता घोटा मुरगळून बाहेर आले. त्याच सकाळी सगळ्यात मोठा पोपट उलटा तरंगताना सापडला होता. म्हातारीनं त्या माशासाठी उदबत्ती लावली. "मात्र तो आपणहून गेला पाहिजे," ती बजावायची. "हातानं मारलेला मोजत नाहीत. ते नुसतं पाप."

म्हातारी गेली, पण तिचं म्हणणं घरातून गेलं नाही.

आणि मग ताईच्या हृदयाची झडप बिघडली. जिना दूरच, बाथरूमपर्यंत चालली तरी ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, छाती उघडावी लागेल. वय बघता धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे. तारीख ठरली.

त्या दिवसापासून दाजींनी मला वेड लावायचं बाकी ठेवलं. फोन करायचे, बोलायचे नाहीत. घरी यायचे, पाणी प्यायचे, उठून जायचे. शेवटी एकदा भाजीबाजारात मला गाठलं आणि हळूच म्हणाले, "आ-फान, यंदा कुणी मेलं नाही गं."

"कुणी म्हणजे?"

"टाकीत. गेल्या वर्षी नाही, यंदाही नाही."

"अहो, मग चांगलंच की! तुमच्या हाताला यश आहे. मासे विकणाऱ्या गल्लीतले दुकानदार तुमचा सल्ला घेतात."

"तेच तर म्हणतोय मी," दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "इतकं चांगलं सांभाळलं, की घाव घ्यायला कुणी उरलंच नाही."

मी हसण्यावारी नेलं. वेडा माणूस, म्हटलं, आणि कोबी निवडत राहिले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताईला दवाखान्यात ठेवलं. जाताना ती दाजींना एवढंच म्हणाली, "अहो, पो-पोला पान उकडून घाला. हाताला नाही आली तर पाण्यात सोडा, खाईल ती." दुपारी मी ताईपाशी थांबले आणि संध्याकाळी दाजींसाठी पेज घेऊन घरी गेले. बघते तर दाजी टाकीपुढं उभे, आणि हातात माशांच्या गल्लीतली फुगलेली पिशवी. पिशवीत लोहान मासा. कपाळावर हे एवढं टेंगूळ, अंगावर लाल ठिपके. तो पिशवीतूनच माझ्या बोटावर धावून आला.

लोहान शुभ म्हणून लोक घेतात खरे, पण तो एकटा ठेवायचा हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"दाजी, हा एकटा राहणारा मासा आहे."

"माहितीये मला."

"मग दुसरी टाकी कुठंय?"

दाजींनी पिशवी तरंगत ठेवली नाही, दिवा बंद केला नाही, एक दगड हलवला नाही. सरळ गाठ सोडली आणि पिशवी पाण्यात उलटी केली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, तुमची आई काय म्हणायची? मारलेला मोजत नाहीत!"

"मी कुठं मारतोय?" दाजी खेकसले. "मी फक्त पाहुणा आणलाय. पुढं काय व्हायचं ते त्यांचं त्यांच्यात होईल."

लोहान मधोमध थांबला, एकदा वळला, आणि पोपट कोपऱ्यात दडले. एंजल वर गेले. लोच दगडाखाली घुसले. राहिली पो-पो. म्हातारीला पळायचं सुचलंच नाही. ती आपली काचेशी, जिथं ताईचं बोट यायचं तिथं उभी. त्यानं तिला बाजूनं धडक दिली आणि तिचे खवले पाण्यात भिरभिरत खाली गेले.

"ती नको!" मी ओरडले. "दाजी, काढा त्याला. पो-पो नको हो!"

जाळी दाजींच्या हातात होती. ती अर्धी पाण्यात गेली आणि थांबली. माझ्याकडं वळून ते म्हणाले, "काढू? तू सांग, आ-फान. तुझी सख्खी बहीण आहे. काढू?"

मी पेजेच्या डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. पेज गार झाली. दाजी बसले, उठले, दारापर्यंत गेले, परत आले, आणि जाळीतून पाणी फरशीवर ठिबकत राहिलं.

सकाळी पो-पो टाकीतल्या पाण्याच्या गाळणीखाली आडवी पडली होती. दाजींनी तिला जाळीनं नाही, हातानं उचललं. जन्मात पहिल्यांदा ती त्यांच्या हाताला आली होती. खिडकीतल्या कुंडीत पुरलं आणि म्हणाले, "चल, उशीर होईल."

ताई वाचली. डॉक्टर बाहेर येऊन हसले तेव्हा दाजी भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. मग आम्ही खाली जाऊन शेवया खाल्ल्या. दाजींनी वाटी संपेपर्यंत जागा सोडली नाही.

पुढं ताई घरी यायच्या आत त्यांनी अख्खी माशांची गल्ली पालथी घातली आणि तशीच गुलाबी, तेवढीच गुरामी शोधून आणली. लोहानला काच घालून टाकीचा एक कोपरा वेगळा करून दिला. या वेळी सगळे दगड हलवले, दिवा बंद केला, सगळं रीतीनं केलं. मला दम भरला, "तोंड उघडशील तर बघ."

ताई आली ती मला धरून, पावलागणिक थांबत. बसायच्या आधी म्हणाली, "पान उकडा." दाजींनी उकडलं. तिनं बोटात धरून पाण्यात घातलं. गुलाबी मासा लांबूनच बघत राहिला. ताईनं हात काढला नाही. किती वेळ गेला कोण जाणे, मी मात्र कुठं बघावं ते न कळून नव्या काचेकडं बघत होते.

"ही ती नाही," ताई म्हणाली.

दाजी चुळबुळले. "तू नव्हतीस ना, विसरली असेल—"

"माझ्यासाठी गेली?"

दाजींनी मान डोलावली.

ताईचे डोळे भरले. तिनं छातीवरच्या टाक्यांवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "आपणहून गेली?"

एवढंच म्हणायचं होतं, हो. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा की हो, तुमच्या बापाचं काय जातंय! पण ताईसमोर ह्या माणसाला कधी खोटं बोलता आलं नाही. त्यांनी काचेआडच्या लोहानकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"नाही," म्हणाले.

पान पाण्यात सोडून ताईनं बोट रुमालाला नाही, दाजींच्या बाहीला पुसलं.

"म्हणजे मी माझी मीच वाचले," ती म्हणाली. "बरं झालं. माझ्या डोक्यावर तिचं ओझं नाही." मग तिनं लोहानकडं बोट केलं. "ह्याला परत करायचं नाही. तुम्ही सांगितलं तेवढंच केलं त्यानं. आता हा जगेल तोवर तुमच्याच हातानं खाईल."

दाजी उभेच होते. ताईनं स्टूल टाकीपुढं ओढलं.

"बसा," ती म्हणाली.